अकरा ते पाच

आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींनी मागच्या महिन्यात माझ्याकडून एक अर्ज लिहून घेतला. कणीक मळता मळता मधेच हात थांबवून म्हणाल्या, "ताई, तुमचं अक्षर चांगलंय. नातीच्या शाळेत एक अर्ज द्यायचाय. लिहून देताय का?" नात आठवीत आहे. तिची शाळा दुपारची, ती सकाळची करून हवी होती. सून नुकतीच एका कंपनीत पॅकिंगच्या कामाला लागलेली, सकाळी आठला बस, परतायला रात्र. घरात तीन वर्षांचा धाकटा. दुपारी बारापर्यंत मावशींचा मुलगा त्याला बघतो, नंतर तो रिक्षा घेऊन बाहेर पडतो, आणि मावशींची तर दुपारची तीन घरं ठरलेली. "बारा ते सहा बारक्याला बघायला कुणीच नाही बघा. पोरगी सकाळी शाळेला गेली की झालं. दुपारी घरी राहील, भाकरी टाकील, त्याला बघील." मी कागद काढला. मा. मुख्याध्यापिका यांस, विषय : सकाळच्या अधिवेशनात वर्ग बदलून मिळणेबाबत. महोदया, वरील विषयास अनुसरून. पुढे 'घरगुती अडचणीमुळे' लिहिलं, कारण अर्जात तसंच लिहायचं असतं, आणि शेवटी उजव्या बाजूला 'आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी'. पाच मिनिटांचं काम. मावशींनी पिठाचे हात पदराला पुसले, कागदाची चार घड्यांची पट्टी केली आणि मोबाइल ठेवतात त्या प्लास्टिकच्या पिशवीत घातली.

दुपारी आडवी झाले तेव्हा तो अर्ज काही केल्या डोक्यातून जाईना.

मी हुजूरपागेची. एवढं सांगितलं की पुण्यात पुढचं सांगावं लागत नाही. लक्ष्मी रोडवर साड्यांच्या दुकानांची रांग चालू असते, खरेदीला आलेल्या बायकांचे घोळके, हातात पिशव्या, रिक्षांचे हॉर्न, आणि त्या सगळ्या झगमगाटाच्या पोटात एक शाळा. बाहेरून जाणाऱ्याला पुष्कळदा पत्ताही लागत नाही, की या दुकानांमागे शेकडो मुली आत्ता बाकांवर बसलेल्या आहेत. शाळा सुटली की मात्र लागतो. एकदम दोन वेण्यांचा लोंढा रस्त्यावर येतो, आणि पाचवारी, सहावारी, पैठणी, सगळं दोन मिनिटं थांबतं. लहान असताना मला त्या थांबण्याची फार ऐट वाटायची. आपल्यासाठी लक्ष्मी रोड थांबतो!

पागा म्हणजे घोड्यांची. हुजुरांची, म्हणजे खुद्द पेशव्यांची पागा इथे होती. पेशवाई गेली, घोडे गेले, नाव जागेला चिकटून राहिलं. शाळेचं कागदोपत्री नाव वेगळं आहे, सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांच्या नावाचं. ते प्रगतिपुस्तकावर असायचं. तोंडात कधी आलं नाही. बाहेरगावचं कुणी विचारायचं, शाळा कुठली, आणि मी हुजूरपागा म्हटलं की हसायचं. घोड्यांच्या तबेल्यात शिकता का? तेव्हा राग यायचा. आता वाटतं, ज्या जागी पेशव्यांचे घोडे बांधून ठेवायचे, तिथे मुली मोकळ्या सुटल्या. याहून चांगलं नाव शोधूनही सापडलं नसतं.

१८८४ च्या सप्टेंबरात ही शाळा सुरू झाली. न्यायमूर्ती रानडे, वामन आबाजी मोडक, डॉक्टर भांडारकर, शंकर पांडुरंग पंडित, ही सगळी मंडळी मागे उभी होती. मुलींच्या प्राथमिक शाळा पुण्याला नव्या नव्हत्या. आमच्या शाळेपासून चालत दहा मिनिटांवर, बुधवार पेठेतल्या भिडेवाड्यात, १८४८ साली जोतिराव आणि सावित्रीबाईंनी पहिला वर्ग भरवला होता. विश्रामबागवाडाही तसाच हाकेच्या अंतरावर. तिथे १६ नोव्हेंबर १८५२ ला सरकारने जोतिरावांचा शाल देऊन गौरव केला. म्हणजे मुलींना अक्षर येणं या गावाने शिव्या देत, शेणगोळे मारत का होईना, पाहून घेतलं होतं. पण हायस्कूल हे निराळं प्रकरण होतं. हायस्कूल म्हणजे बारा-तेरा-चौदा वर्षांची मुलगी. त्या काळात त्या वयाची मुलगी म्हणजे घरातलं माणूस झालेली, बहुतेक वेळा सासरच्या घरातलं. तिला दिवसभर बाहेर बसवायचं? त्या हायस्कुलाच्या मागणीसाठी रमाबाई रानड्यांनी गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर इंग्रजीतून निवेदन वाचलं होतं. विशी नुकतीच ओलांडलेली बाई. तिकडे टाळ्या मिळाल्या आणि घरी आल्यावर घरातल्याच बायकांची बोलणी खावी लागली. शाळेत या गोष्टीची आम्हाला एवढी सवय झालेली, की स्नेहसंमेलनात नऊवारी नेसून रमाबाई कोण होणार यावरून भांडणं व्हायची. बोलणी खाणाऱ्या रमाबाई मात्र कुणालाच व्हायचं नसायचं. टाळ्यांच्या हव्या असायच्या.

मला त्या दिवशी अस्वस्थ केलं ते याच्या पुढच्या गोष्टीने. शाळा निघाली, तीन वर्षं झाली, आणि १८८७ च्या सुमारास तिच्यावर 'केसरी' आणि 'मराठा'तून टीकेचा भडिमार सुरू झाला. मुली काय शिकतात यावर तर होताच : इंग्रजी कशाला, त्यापेक्षा शिवण, धर्म, घराला उपयोगी पडेल असं शिकवा. पण एक आक्षेप वेळेवर होता. शाळा अकरा ते पाच भरायची. मुलींची शाळा तीन तास पुरे, सकाळी नाहीतर संध्याकाळी भरवा, म्हणजे उरलेला वेळ त्यांना घरच्या कामाला मिळेल, असं टिळकांच्या पक्षाचं म्हणणं. हे टिळक म्हणजे १८८० साली चिपळूणकरांबरोबर न्यू इंग्लिश स्कूल उभारणारे, पदवीनंतर सरकारी नोकरीच्या वाटेला न जाता शाळामास्तर झालेले. शिक्षणाची किंमत त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांच्या शाळेतला मुलगा दिवसभर बाकावर बसला तर त्याच्या घरचं काय अडतं, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडल्याचं मी कुठे वाचलेलं नाही. मुलीची दुपार मात्र तिची नव्हती. ती घराची होती, आणि शाळेने ती उचलून नेली म्हणून तक्रार होती.

आणि मी लिहिलेल्या अर्जात दुसरं काय होतं?

लोकमान्यांविषयी माझ्या मनात जो आदर आहे तो आहेच, त्याला या गोष्टीने धक्का बसत नाही. बसतो तो मला. कारण ती वादावादी आम्ही जुना काळ म्हणून शिकलो, संपलेली गोष्ट म्हणून, परीक्षेत चार गुणांना. आणि सव्वाशेहून जास्त वर्षांनंतर, हुजूरपागेतच घोटून घेतलेल्या वळणदार अक्षरात, मी त्याच मागणीचा अर्ज स्वतःच्या हाताने लिहून दिला. सकाळची शाळा करा, म्हणजे दुपारी ती घरकामाला मिळेल.

माझ्या आजीची शाळा चौथीला सुटली. चौथीपर्यंतच्या सगळ्या कविता तिला शेवटपर्यंत पाठ होत्या, पाचवीतली एकही नाही. तिची दुपार म्हणजे सूप. जेवणं आटोपली की माजघरात पाय पसरून ती गहू पाखडायला बसायची. तो आवाज अजून कानात आहे, सरसर, मग हलकी थाप, मग पुन्हा सरसर. मी शाळेतून आले की दप्तर खाली ठेवायच्या आत विचारायची, "काय केलंस आज दुपारभर?" काय शिकलीस, असं तिने कधी विचारलं नाही. दुपारभर काय केलंस. मला कंटाळा यायचा. आपलं काहीतरी सांगायचं : भूगोलाच्या तासाला वारे शिकवले, शिवणाच्या तासाला काजं केली, मधल्या सुट्टीत डबा सांडला. तिला त्यातलं मधल्या सुट्टीचं सगळ्यात आवडायचं. कोण कुणाशेजारी बसलं, कुणी कुणाचं लोणचं घेतलं, कोण रुसलं. पुन्हा पुन्हा विचारायची. मला वाटायचं आजीला चकाट्या आवडतात. पन्नाशी उलटल्यावर एकदा दुपारी एकटीच बसलेली असताना लक्षात आलं, की कामाशिवायची, जिथे आपलं आपण कुणाशेजारी बसायचं ते ठरवतो अशी दुपार तिला नऊ-दहा वर्षांच्या वयानंतर मिळालीच नव्हती. ती माझ्याकडून ती ऐकून घेत होती.

शाळेच्या थोर विद्यार्थिनींची यादी आम्हाला तोंडपाठ असायची. इरावती कर्वे सातव्या वर्षी ब्रह्मदेशातून इथे शिकायला आल्या, इरावदी नदीवरून ठेवलेलं नाव घेऊन. शांता शेळके इथल्याच. पाहुणे आले, बक्षीस समारंभ झाला, की ही नावं घेतली जायची, आणि आम्ही ओळीत उभ्या राहून पायातल्या बुटांकडे बघायचो, कारण आपलं त्यातलं काही होणार नाही याची बहुतेकींना खात्री होती. मी सातवीच्या शिष्यवृत्तीला बसले आणि मिळाली नाही. चित्रकलेची एलिमेंटरी झाले, इंटरमीजिएटला रंग पसरले. संस्कृतात जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती मिळवण्याचं स्वप्न आमच्या वर्गात निदान पाचजणींनी पाहिलं. मिळायची ती मोजक्यांनाच. पण शिकवणाऱ्या बाई धातू म्हणून घ्यायच्या तेव्हा चाळीस आवाज एका सुरात लागायचे, गच्छति गच्छतः गच्छन्ति, आणि खिडकीबाहेर लक्ष्मी रोडवर कुठल्यातरी लग्नाची वरात बँड वाजवत चाललेली असायची. त्या दोन आवाजांच्या मधे बसलेली मी. यातली कुठलीच गोष्ट फलकावर लिहिण्यासारखी नाही.

फलकावरून आठवलं. पुण्यातल्या कुठल्याही जुन्या शाळेत जिन्याशेजारी ते काळे फलक असतात, सोनेरी रंगात वर्ष आणि नाव, मॅट्रिकला पहिली, नंतर शालान्त परीक्षेत पहिली. मुलींच्या शाळेतल्या फलकांची एक गोष्ट मला फार आवडते. तिथे सगळी माहेरची नावं आहेत. त्या बायका पुढे कुठल्या घरी गेल्या, काय नाव लागलं, कुणाच्या आया झाल्या, काही पत्ता नाही. फलकावर त्या तेवढ्याच आहेत, वडिलांच्या आडनावाच्या, सोळा वर्षांच्या, पहिल्या आलेल्या. पुढे घरोघर त्यांना कुणी त्या नावाने हाक मारली नसेल.

आणि खो-खो. खो-खोचे नियम पुण्यातच, डेक्कन जिमखान्यावर १९१४ साली बांधले गेले, हे आम्हाला खेळाच्या बाईंनी इतक्या वेळा सांगितलं होतं, की हरलो तर गावाचं नाव जाईल असं वाटायचं. मी संघात नव्हते. मी बारावी, म्हणजे राखीव, पाणी द्यायला आणि शिट्ट्या मारायला. पण सराव पाहिलाय. शाळा सुटल्यावर, सावल्या लांब झाल्यावर. पाटीत आठजणी आलटूनपालटून तोंडं करून बसलेल्या, नववी पळणारीच्या मागे. पाठीवर थाप आणि 'खो', तो शब्द पूर्ण व्हायच्या आत उठलेली मुलगी. खुंटाशी गेल्यावर एका हाताने खुंट धरून अंग झोकून देणं. गुडघे सोलवटलेले, मातीचा वास, घाम, रिबिनी सुटलेल्या. घरात ज्या मुलींना पाय पसरून बस म्हणून कुणी सांगितलं नव्हतं, त्या तिथे सूर मारत होत्या.

मावशींची नात खो-खो खेळते. हे मला माहीत होतं. अर्ज लिहिताना माहीत होतं. दिवाळीत आजीबरोबर आली होती तेव्हा कोपराला भली मोठी खपली होती. विचारलं तर एकदम उत्साहाने सांगायला लागली, की शाळेच्या संघात आहे, सराव शाळा सुटल्यावर असतो, सर म्हणतात सूर चांगला आहे पण साखळी खेळताना घाई करते. बेसनाचा लाडू हातात तसाच राहिला होता. सकाळच्या मुलींना सराव नाही, कारण सर दुपारी येतात, हेही तिनेच सांगितलं होतं.

माझ्या वर्गात नववीला माझ्या शेजारी एक मुलगी बसायची. गणितात माझ्यापेक्षा हुशार, वर्गमूळ काढताना ओठ हलवायची. तिची आई आजारी पडली. आधी तिने दुपारची शाळा सोडून सकाळची घेतली. मग सकाळची अर्ध्या दिवसाने सुटायला लागली. मग येईनाशी झाली. कुणी काही वाईट वागलं नव्हतं. शाळेने बोलावणं पाठवलं होतं, बाई घरीही जाऊन आल्या. तिच्या वडिलांनी चहा दिला. बाकावर तिच्या बाजूला कंपासने कोरलेलं तिचं आद्याक्षर होतं. पुढचं वर्षभर मी तिथे दप्तर ठेवलं.

हे सगळं मावशींना काय म्हणून सांगायचं? सांगण्याचा मला अधिकारही कुठे आहे? रानड्यांच्या शाळेत पहिल्यांदा ज्या मुली आल्या त्या बहुतेक वरच्या घरच्या होत्या. त्यांची दुपार शाळेत गेली तेव्हा घरचं काम नाहीसं झालं नव्हतं. ते कुणीतरी दुसरीने केलं, पगारावर नाहीतर आश्रित म्हणून. माझीही दुपार मोकळी राहिली ती आजीच्या सुपावर, आणि आज मी हे लिहीत बसले आहे ती मावशींच्या पोळ्यांवर. मावशींच्या सुनेने नोकरी धरली हे चांगलंच झालं. तिच्या हातात पहिल्यांदा स्वतःचा पगार आला. पण घरातली एक बाई उंबऱ्याबाहेर पडली, की दुसरी कुणीतरी आत यावी लागते, आणि ती जवळात जवळची, वयाने लहान आणि बिनपगारी असते. जोतिराव-सावित्रीबाईंनी ज्यांच्यासाठी दार उघडलं, त्यांच्याच घरात आज ही वाटणी चालू आहे. त्यांना दोष देता येत नाही. मला तर नाहीच.

चार दिवस मी गप्प राहिले. मग मावशींना म्हटलं, बारक्याला दुपारी माझ्याकडे सोडलं तर? मी घरीच असते. त्या हसल्या. "तुम्ही किती दिवस बघाल ताई?" प्रश्न साधा होता, आणि मला लगेच उत्तर देता आलं नाही. सोमवार ते बुधवार, असं म्हटलं शेवटी. माझी गुरुवारची आणि शुक्रवारची कामं असतात. म्हणताना स्वतःलाच ते अपुरं वाटलं. पण तीन दिवस आता तो येतो. गॅलरीत पाटी घेऊन बसतो, रेघा ओढतो, पुसायला थुंकी लावतो, माझ्या रागावण्याला अजिबात भीत नाही. चारच्या सुमाराला जमिनीवरच झोपतो. त्याच्या श्वासाच्या आवाजात मी पेपर वाचते, आणि हाताशी असलेलं घड्याळ बघत राहते. आत्ता तिचा सहावा तास असेल. आत्ता सुटली असेल. आत्ता मैदानावर.

गुरुवार-शुक्रवारचं काय, ते मी विचारलं नव्हतं. भीती वाटत होती. परवा पोळ्या लाटता लाटता मावशींनी आपणहून विषय काढला. अर्ज अजून शाळेत गेलेला नाही. मी दचकून विचारलं, का, काही चुकलंय का त्यात? खाडाखोड नको म्हणून मी किती जपून लिहिला होता.

"चुकलं नाही काही. बापाची सही झाली. तिची ऱ्हायलीय, खाली, तुम्ही लिवलंय ना तिथं." त्यांनी तव्यावरची पोळी उलटली, कडा फडक्याने दाबल्या, ती टम्म फुगली. "महिना झाला, रोज विचारते. रोज म्हणती, उद्या करते."